जुनी उपकरणं अख्खीच द्या: ई-कचरा योग्य हाती कसा सोपवावा

२०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. २०१० मध्ये हा आकडा ३.४ कोटी टन होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत तो ८.२ कोटी टनांवर जाईल. २०२२ च्या ढिगातला फक्त २२.३ टक्के भाग रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही घरच्या कचऱ्यात मिसळून डेपोत पुरला जातो किंवा जाळला जातो. बराचसा अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे तारा पेटवून तांबं काढतात आणि सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं.

वस्तू अख्खी असते तोवर तिच्यातलं शिसं, पारा, कॅडमियम आतच बंद असतं. फोडताना, जाळताना आणि आम्लात बुडवताना ते बाहेर येतं. म्हणजे वस्तू तुमच्या हातून निघाल्यापासून चांगल्या कारखान्यात शिरेपर्यंतचा टप्पा सगळ्यात घातक. या टप्प्यावर तुमचा ताबा आहे. वस्तू उघडणं हे तुमचं काम नाही. ती सुरक्षित करून, माहिती पुसून, अख्खीच्या अख्खी योग्य माणसाला देणं हे तुमचं काम आहे.

आधी बघा, ती खरंच कचरा आहे का

फोन किंवा लॅपटॉपमुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो बनवतानाच पडलेला असतो, वापरताना नव्हे. आणि उत्तमातला उत्तम कारखानाही सगळं परत मिळवू शकत नाही. तांबं, सोनं, चांदी, पॅलॅडियम चांगलं निघतं. पण कॅपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागातलं टँटलम भट्टीच्या मळीत जातं आणि स्पीकर-मोटरच्या चुंबकांतली दुर्मीळ मूलद्रव्यं बहुतेक वेळा वायाच जातात. त्यामुळे दुरुस्ती हा पुनर्चक्रणाहून नेहमीच वरचा पर्याय आहे.

फोन ‘मंदावला’ अशी तक्रार असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता पाहा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर नवी बॅटरी बसवून तोच फोन आणखी दोन-तीन वर्षं सहज चालू शकतो. हार्ड डिस्कवर चालणारा जुना संगणक एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क बसवली की एकदम चपळ होतो. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ न स्वीकारणारे लाखो धडधाकट संगणक त्यामुळे भंगारात जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांवर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकली तर ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ एवढ्या कामासाठी ते अजून बरीच वर्षं पुरतील.

कुणाला वापरायला देणार असाल तर एक अट पाळा: यंत्र सुरू होतंय, चार्ज धरतंय आणि त्याला सुरक्षा अपडेट मिळताहेत. यातलं काहीच नसलेली वस्तू ‘दान’ म्हणून देणं म्हणजे विल्हेवाटीचा भार दुसऱ्याच्या माथी मारणं.

मात्र ठेवायचीही नाही आणि द्यायचीही नाही, अशी वस्तू खणात टाकून देऊ नका. बॅटरी तिथे हळूहळू पूर्ण उतरते, कधी फुगते, आणि दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कामी आला असता तो फोन आता फक्त धातूच्या वजनाचा उरतो. राखीव म्हणून ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड-कोरड्या जागी ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा.

बॅटरी: आग इथून लागते

कचऱ्याच्या गाड्यांत आणि वर्गीकरण केंद्रांत लागणाऱ्या आगींमागे लिथियम-आयन बॅटऱ्या हे मोठं कारण आहे. बॅटरी दाबली, वाकली किंवा तिला भोक पडलं की आतले दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पातळ पडदा फाटतो. शॉर्ट होऊन उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेग घेते आणि मग ती थांबवता येत नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी तासाभरानेही पुन्हा पेट घेऊ शकते.

म्हणून पहिलं काम: हाताने, अवजाराशिवाय निघणारी प्रत्येक बॅटरी वेगळी काढा. जुने फोन, कॅमेरे, कॉर्डलेस ड्रिल, रिमोट, खेळणी, काही जुने लॅपटॉप यांच्या बॅटऱ्या अशा निघतात. स्क्रू उघडावे लागत असतील किंवा बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल, तर तिला हात लावू नका. चिकटलेली बॅटरी उचकटताना वाकते आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यात सहज घुसतं. अशी वस्तू बॅटरीसकट द्या आणि वर चिठ्ठी चिकटवा: ‘आत बॅटरी आहे’. ही चिठ्ठी फालतू वाटेल, पण यंत्राच्या पात्यांखाली काय टाकायचं नाही हे कामगाराला तिच्यावरूनच कळतं.

काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या, बटण सेल, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या आणि यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या यांना टेप हवीच. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला शेजारीशेजारी असतात. एखादी किल्ली किंवा दुसरी बॅटरी त्यांना टेकली तरी शॉर्ट होतो. बटण सेलच्या दोन्ही बाजूंवर टेप चिकटवा आणि ते मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. गिळलेला लिथियम बटण सेल अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा करतो. शिसे-आम्ल बॅटरी कायम उभी ठेवा, आडवी केली तर आम्ल गळू शकतं.

प्रकार ओळखताना व्होल्टेजवर विसंबू नका. लिथियम-आयनचा एक सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा असतो. पण जुन्या कॉर्डलेस टेलिफोनमधल्या निकेल-कॅडमियमच्या तीन सेलचा जोडही ३.६ व्होल्टच दाखवतो. लेबलवर लिहिलेलं नाव वाचा आणि त्याप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. नाव पुसलं असेल तर ती लिथियमच आहे असं धरून चाला.

फोनची पाठ उचललेली दिसतेय, लॅपटॉपचा टचपॅड दाबला जात नाहीये, पडदा कडेने वर आलाय: ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणं. आतला द्रव विघटन होऊन त्याचा वायू झालेला असतो. अशा वेळी चार्जर तत्काळ काढा आणि वस्तू बंद करा. फुगवटा दाबू नका. टोचून हवा काढायचा विचारही नको, आतला वायू ज्वलनशील असतो. वस्तू कोरड्या वाळूने भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा, झाकण सैल असू द्या आणि डबा घराबाहेर, उन्हापासून व जळाऊ सामानापासून लांब ठेवा. मग केंद्राला आधी कळवूनच न्या. अशी बॅटरी कुरिअरने किंवा टपालाने कधीही पाठवू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून ‘मारण्याची’ युक्ती बरेच जण सांगतात, पण टोकं आधीच गंजून तुटतात, आत चार्ज तसाच राहतो आणि वर दूषित पाणी उरतं ते वेगळंच. फ्रीजरमध्ये ठेवणंही चुकीचं.

चांगल्या अवस्थेतला फोन-लॅपटॉप देण्याआधी वापरून ३० टक्क्यांखाली उतरवा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या हवाई वाहतुकीलाही हीच मर्यादा आहे. चार्ज जितका कमी, तितकी अपघातात भडकणारी आग लहान. पण आधी पुढचं काम उरका, कारण त्याला चार्ज लागतो.

माहिती पुसणं

फोनच्या बाबतीत क्रम चुकला तर घोळ होतो. सुरुवात फोटो-संपर्कांच्या बॅकअपपासून करा. मग दुहेरी पडताळणीचे कोड देणारं अ‍ॅप नव्या फोनवर हलवा आणि ते चालतंय याची खात्री करा. लोक नेमकं हेच विसरतात आणि फोन पुसल्यावर स्वतःच्याच खात्यांबाहेर अडकतात. नंतर बँकेच्या अ‍ॅपमधून बाहेर पडा, घड्याळ-इअरफोन यांची जोडणी तोडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, ई-सिम हटवा.

आता महत्त्वाची पायरी: सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा, आणि आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून अ‍ॅपल खात्यातून साइन आउट व्हा. त्यानंतरच फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करणं. आयफोनमध्ये ही पायरी गाळून फोन पुसला तर तो जुन्या खात्याला कुलूपबंद राहतो. अँड्रॉइड बटणांनी रीसेट केला तर तिथेही तेच होतं. चोरी रोखण्यासाठी ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे धडधाकट फोन सुट्या भागांसाठी फोडले जातात. रीसेटनंतर फोन एकदा सुरू करून बघा. भाषा विचारणारा पहिला पडदा यावा आणि जुन्या खात्याचा पासवर्ड कुठेही मागितला जाऊ नये.

सुरूच न होणाऱ्या फोनवर हातोडा चालवू नका, आत बॅटरी आहे. पासकोड लावलेला आयफोन आणि अलीकडचे अँड्रॉइड फोन आतली माहिती सांकेतिक रूपातच ठेवतात, त्यामुळे पासकोड नीट असेल तर धोका कमी. फार जुना फोन असेल तर माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्रालाच तो द्या.

संगणकाच्या डिस्कबाबत दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ केलं तर फक्त फाइलींची अनुक्रमणिका जाते. माहिती जागेवरच राहते आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळते. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहा. एकदाच पुरे, सात वेळा लिहिण्याचा जुना सल्ला आजच्या डिस्कना लागू नाही. सेकंदाला १२० मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइटला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात.

एसएसडीला हा उपाय पुरत नाही. तिच्यातला नियंत्रक सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून लिखाण इकडून तिकडे हलवत राहतो, काही जागा तुमच्यापासून लपवूनच ठेवतो, त्यामुळे वरून लिहिलेली शून्यं सगळीकडे पोहोचत नाहीत. निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधला किंवा बायोसमधला (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला) ‘सिक्युअर इरेज’ पर्याय वापरा. चुंबकाने हार्ड डिस्क पुसण्याची यंत्रं असतात, एसएसडीवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही.

हार्ड डिस्क बिघडली असेल आणि माहिती नाजूक असेल तर ती आरपार भोकं पाडून नष्ट करता येते. तिच्यात बॅटरी नसते. पण डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि त्यांचा चुरा होऊन उडतो. एसएसडीमध्ये भोक नेमकं चिपमधून गेलं नाही तर उपयोग शून्य.

राउटरमध्ये वायफायचा पासवर्ड असतो आणि स्मार्ट टीव्हीत तुमची खाती. कार्यालयातल्या मोठ्या फोटोकॉपी यंत्रांत अनेकदा हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर कागदपत्रांच्या प्रती राहू शकतात. या सगळ्यांना फॅक्टरी रीसेट द्या.

या वस्तू उघडूच नका

जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब निर्वात असते, फुटली तर काच आत ओढली जाऊन सगळीकडे उडते. तिच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिशाचं प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे असतं. बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. मायक्रोवेव्हमधला कॅपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरात काम करतो आणि प्लग काढल्यानंतरही जिवावर बेतू शकतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार टिकू शकतो.

फ्रिज आणि एसीची नळी कापू नका. जुन्या फ्रिजच्या नळीतच नव्हे, तर भिंतींतल्या फोममध्येही ओझोनला मारक वायू असतो, नव्यांत आयसोब्युटेनसारखा ज्वलनशील वायू. कॉम्प्रेसरच्या तांब्यासाठी नळी कापली की तो वायू काही मिनिटांत हवेत जातो. साधारण २०१० च्या आधीच्या चपट्या पडद्यांमागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असू शकतात, त्यामुळे पडदा दाबून किंवा उलटा टाकून नेऊ नका. काही प्रकारच्या धूर-सूचक यंत्रांत अमेरिसियम-२४१ हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात असतं. तसं चिन्ह दिसलं तर यंत्र निर्मात्याला किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राला द्या. प्रिंटरमधलं टोनरचं काडतूस काढून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. सांडलेली पूड साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, ती इतकी बारीक असते की गाळणीतून निसटते आणि मोटरच्या ठिणगीने पेटू शकते. ओल्या फडक्याने, थंड पाण्याने पुसा.

तारा सोलू किंवा जाळू नका. वरच्या पीव्हीसीत क्लोरीन असतं आणि जळताना तांबंच डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होण्याला चालना देतं. कोणत्याही घरगुती जाळातून याहून घातक धूर निघणं कठीण.

कुणाला द्यायचं

सगळ्यात आधी निर्माता किंवा विक्रेता परत घेतो का ते विचारा. अनेक देशांत विकलेल्या मालाच्या शेवटाची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर टाकली आहे. युरोपीय संघात तर ४०० चौरस मीटरहून मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांना २५ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू काहीही खरेदी न करता मोफत स्वीकाराव्या लागतात. परत घेणारं कुणी नसेल तर सरकारकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्रांची यादी पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर शोधा. ‘आर-टू’ आणि ‘ई-स्टुअर्ड्स’ ही दोन प्रमाणपत्रं आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहेत. प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन तो अजून चालू आहे का, हे ती देणाऱ्या संस्थेच्या यादीत तपासा. भिंतीवर लावलेल्या चौकटीवर विश्वास ठेवू नका.

मग चार प्रश्न विचारा. माल इथेच फोडता की पुढे देता? सर्किट बोर्ड कोणत्या भट्टीकडे जातात? बॅटऱ्या आणि पारा असलेले दिवे कोण घेतं? परदेशी काही जातं का, आणि जात असेल तर संमतीची कागदपत्रं आहेत का? १ जानेवारी २०२५ पासून कचऱ्याच्या देशांतराबाबतच्या आंतरराष्ट्रीय बासेल करारानुसार घातक असो वा नसो, सगळ्याच ई-कचऱ्याच्या देशांतरासाठी घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते. नाव न घेता ‘पुढची पार्टी बघते’ असं उत्तर आलं तर माल परत घेऊन या. ‘वापरलेल्या वस्तू’ म्हणून न तपासता कंटेनर भरून पाठवणं ही जुनी पळवाट आहे.

मोबाइलच्या एका टनात काही शे ग्रॅम सोनं असतं. खाणीच्या एक टन दगडात बऱ्याचदा पाच ग्रॅमही नसतं. एवढ्या सोन्यासाठीच मागच्या अंगणात आम्लाची पिंपं उभी राहतात. तिथे सोन्याचाही मोठा भाग हातून निसटतो, बाकीचे धातू नाल्यात जातात आणि काम करणाऱ्याची फुप्फुसं जळतात. चांगल्या भट्टीत बोर्ड हजार अंशांहून कितीतरी अधिक तापमानाला वितळवतात आणि धूर झटकन थंड करतात, कारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात तो रेंगाळला तर डायॉक्सिन पुन्हा तयार होतं. ही यंत्रणा कोट्यवधींची असते, म्हणून अशा भट्ट्या जगात थोड्या आहेत आणि बोर्ड तिथवर पोहोचवणारी साखळी महत्त्वाची.

भंगार गोळा करणाऱ्यांना या साखळीतून वगळावं असं आमचं म्हणणं नाही. दारोदार जाऊन जितका माल ते जमवतात, तितका कुठलंही केंद्र जमवू शकत नाही. त्यांना देणार असाल तर वस्तू न फोडता द्या, बॅटऱ्या मात्र त्यांना देऊ नका, आणि ते नोंदणीकृत केंद्राला विकतात का हे विचारा. अख्ख्या वस्तूला केंद्राकडून बरा भाव मिळतो, हे त्यांनाही सांगा.

नेण्याची तयारी

बॅटऱ्या, दिवे, पडदे आणि उरलेलं सगळं असे चार गठ्ठे पुरतात. दिवे त्यांच्याच खोक्यांत, पडदे उभे आणि मध्ये पुठ्ठा घालून. चार्जर आणि तारा गुंडाळून एका पिशवीत, सोबत जुन्या रिमोटपासून इअरफोनपर्यंत सगळं. या चिल्लर वस्तू क्षुल्लक समजू नका. खेळणी, ट्रिमर, ई-सिगारेट अशा छोट्या उपकरणांचं वजन जगाच्या ई-कचऱ्याच्या जवळपास एक तृतीयांश भरतं आणि त्यातलं फक्त १२ टक्के रीतसर पुनर्चक्रणाला जातं. दिवे लागणारे बूट, गाणारी शुभेच्छापत्रं, चमकणारे फुगे यांतही बटण सेल असतो, तेही याच पिशवीत.

माल देताना वजनाची पावती घ्या. लॅपटॉप आणि डिस्क असतील तर त्यांचे अनुक्रमांक आधीच लिहून ठेवा आणि माहिती नष्ट केल्याच्या प्रमाणपत्रावर तेच क्रमांक आलेत का ते जुळवा. नुसतं ‘२० नग’ लिहिलेल्या प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही. कार्यालयाचा माल असेल तर तो मालमत्तेच्या नोंदवहीतून काढण्याआधी ही दोन्ही कागदपत्रं फाइलला लावा.